रॉयल्टी शून्य केली, पण नॉन-बीटीच्या ओळी कोणी मोजल्या?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सरकारने दर बांधले म्हणून मॉन्सँटो या विदेशी कंपनीने कपाशीचे नवे बियाणे आणले नाही, लोकशाहीत हे असेच चालायचे, असे कालच्या अग्रलेखात वाचले. अर्धे मान्य. २००६ मध्ये आंध्र सरकार मक्तेदारीला आळा घालणाऱ्या एमआरटीपी आयोगात गेले आणि बीटीची, म्हणजे बोंडअळी मारणारे जनुक घातलेल्या कपाशीची, सोळाशेच्या वरची थैली साडेसातशेवर आली. २०१६ मध्ये केंद्राने थैली ८०० रुपये आणि त्यात कंपनीची रॉयल्टी ४९ ठरवली. त्याच वर्षी मॉन्सँटोच्या इथल्या भागीदार महिको कंपनीने तणनाशक सहन करणाऱ्या कपाशीचा अर्ज मागे घेतला. २०२० पासून रॉयल्टी शून्य.

पण ऑस्ट्रेलियातही लोकशाहीच आहे की! तिथे त्याच घरचे बोलगार्ड-३ पिकते. आश्रय पीक, म्हणजे अळी बीटीला सरावू नये म्हणून शेजारी पेरायचे बीटी नसलेले पीक, ही तिथे बियाण्याच्या कराराचीच अट आहे, आणि ती तपासली जाते. आपल्याकडे ४५० ग्रॅमच्या थैलीसोबत १२० ग्रॅम नॉन-बीटीची पुडी यायची. भोवताली पाच ओळी किंवा २० टक्के क्षेत्र, जे जास्त असेल ते, असा नियम. बहुतेक पुड्या धुऱ्यावर फेकल्या गेल्या. पेरल्या तरी उगवण कमी, फुलोरा मुख्य पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) मागेपुढे; मग नॉन-बीटीवरची पाखरे, म्हणजे अळीचे पतंग, बीटीवर वाचलेल्या पाखरांशी जुळणार कशी? शेंदरी म्हणजे गुलाबी बोंडअळीला रान मोकळे झाले. शेवटी पुडी बंद करून तेच बी थैलीत मिसळले. दर ठरवायला आदेश आहे, समिती आहे. ओळी मोजायला कोणी नव्हते. रॉयल्टी येत होती तोवर कंपनीनेही त्या मोजायचा फार आग्रह धरला नाही, हे अग्रलेखात कसे राहिले?

अर्ज मागे घेतलेले ते तणनाशक सहन करणारे बियाणे आता परवानगीविना, चोरबीटी म्हणून गावोगाव मिळतेच. बिल नाही, टॅग नाही, लॉट नंबर नाही. उगवले नाही तर तालुका तक्रार समितीपुढे ठेवायचे काय? आणि भेसळ कळते ती ग्लायफोसेट हे तणनाशक मारल्यावर, तणाबरोबर पऱ्हाटीही जळाली की. तोवर निंदणाचे वाचलेले पैसे गेलेले असतात.

जाता जाता एक. अग्रलेखाशेजारी 'गुलाबी बोंडअळी' म्हणून छापलेली अळी हिरवी, अमेरिकन आहे. ती अर्धे अंग बाहेर ठेवून बोंड खाते. शेंदरी फुलात असली तर डोमकळी (न उमलता मिटलेले फूल) दिसते, बोंडात असली तर बोंड फोडल्याशिवाय दिसत नाही. असा फोटो पाहून कोणी भलतेच औषध फवारले, तर तो दोष मात्र लोकशाहीवर ढकलू नये.

आपला,
एक वाचक, ता. राळेगाव, जि. यवतमाळ