खालतीस, उशिरा

प्रिय खालती,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुला वाचता येणार नाही. मराठीतलं तुला एकच वाक्य यायचं, 'जेवलीस का?', आणि ते तू सकाळी सात वाजताही विचारायचीस. पण तुझा जॉर्डनमधल्या अम्मानचा पत्ता माझ्याकडे कधीच नव्हता. निदान चार लोकांदेखत तरी आभार मानावेत म्हणून हे असं उघड्यावर लिहितेय.

वाचणाऱ्यांसाठी सांगते. अरबीत खालती म्हणजे 'माझी मावशी'. कुवेतमधल्या हवल्लीतल्या त्या इमारतीत तू आमच्या खालच्या मजल्यावर राहायचीस. कोल्हापूरहून आजीनं पत्रात लिहिलं होतं, 'खालती राहते ती खालती, बरोबरच आहे की!' आणि मावशीला कुणी अहो-जाहो करत नाही, म्हणून मीही करत नाही.

२ ऑगस्ट १९९० ला इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या तेव्हा आई आणि मी सुट्टीला कोल्हापुरात होतो. बाबा तिकडे अडकले. बसनं बगदाद, तिथून अम्मान, मग एअर इंडियाचं विमान. त्या दोनेक महिन्यांत असे सुमारे १ लाख ७० हजार भारतीय बाहेर काढले गेले, त्यातले ते एक. निघताना घराची किल्ली तुझ्याकडे दिली होती त्यांनी.

सप्टेंबर १९९१ मध्ये आम्ही परतलो. तेव्हा मी बारा वर्षांची होते. इराकी फौजांनी जाताना पेटवलेल्या सहाशेहून जास्त तेलविहिरींपैकी बऱ्याच विझल्या होत्या, तरी वारा फिरला की दोरीवरच्या चादरींवर काळे ठिपके पडायचे. (शेवटची विहीर ६ नोव्हेंबरला विझली.) घरातला टीव्ही, फ्रिज, माझी सायकल, सगळं गेलेलं. आणि तू आमचा कुकर घेऊन वर आलीस. लुटालूट सुरू झाली तेव्हा हाताला लागला तो उचलून नेला होतास. सात महिने त्यात छोले शिजवलेस आणि शिट्टी झाली की घरातले सगळे दचकायचे, हे सांगताना तूच हसून हसून पायरीवर बसलीस. आईनं कुकर घेतला आणि ती रडायला लागली. फ्रिजसाठी नव्हती रडली.

पण आभार कुकरचे नाहीत.

त्या वर्षी शाळेत एक तक्ता लावला होता. सुरुंगांची, न फुटलेल्या बाँबची चित्रं. समुद्रकिनारा तारा लावून बंद होता. अनोळखी वस्तूला हात लावू नका, एकटं फिरू नका, मळलेली वाट सोडू नका. आणि नेमकं तेच मला आई घरी सांगायला लागली होती, वेगळ्या कारणासाठी. फ्रॉक आखूड व्हायला लागले होते ना! रस्त्यावर बघणं नको, जिन्यात थांबणं नको, हसणं बेतानं. दोन्ही याद्या माझ्या डोक्यात एकमेकींत मिसळल्या. आपण चुकून कुठे पाय ठेवला तर काहीतरी फुटेल, असंच वाटायचं सतत.

२६ फेब्रुवारी १९९२. इराकी फौजांपासून कुवेतच्या मुक्तीला एक वर्ष झालं होतं. खाली गाड्यांचे हॉर्न, झेंडे. आणि भिंतींवर बेपत्ता कैद्यांचे फोटो तसेच. आईची इस्पितळात प्रयोगशाळेत ड्युटी होती. बाबा घरी होते, पण बाबांना काय सांगणार? पोट दुखत होतं आणि सलवारीवर डाग होता. 'कावळा शिवला' एवढंच मला ठाऊक, आणि आजीकडे त्या दिवसांत काकू कोपऱ्यात चटईवर बसायची ते दिसलेलं. मी स्वेटर कमरेला बांधला आणि खाली आले. तू त्या दिवशी पडदे ओढून बसली होतीस. तुझ्या मुलांना तू दोन दिवस बाहेर सोडलं नव्हतंस. ते का, हे मला फार पुढे कळलं.

तू एकदाच माझ्याकडे पाहिलंस. कपडे दिलेस, न्हाणीघर दाखवलंस, मग चहात मरमियाची, म्हणजे सेज नावाच्या झुडपाची, वाळकी पानं टाकून तो कडू चहा पाजलास. मी विचारलं, आता कुठे बसू? तुला कळेचना. सोफा मोकळाच होता! मग कळलं तेव्हा म्हणालीस, आम्हालाही या दिवसांत नमाज नसतो, म्हणून मी काय जिन्यात बसते? सुट्टी आहे, सुट्टी घे. तुझं अर्धं अरबी, अर्धं हिंदी. मी तक्त्याचं काहीतरी बोलले असेन, कारण तू म्हणालीस, 'हबीबती, बॉम्ब रेतीमें. तुझमें नहीं.'

दुसऱ्या दिवशी बकाल्यात, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, नेलंस. दुधाच्या पिशवीशेजारी पॅडचं पाकीट ठेवलंस आणि दोन्हींच्या भावावरून हुज्जत घातलीस. कोल्हापुरात दुकानदार ते वर्तमानपत्रात गुंडाळून देतो. तू ते उघडंच माझ्या हातात दिलंस, आणि पूर्ण रस्ताभर मला ते तसंच धरून चालायला लावलंस. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नाही. पण घरापाशी पोचेपर्यंत ती संपली होती.

युद्धाआधी कुवेतमध्ये साडेतीन-चार लाख पॅलेस्टिनी होते. तुमचा नेता अराफात, त्यानं इराकच्या सद्दामची बाजू घेतली आणि भोगलं तुम्ही सगळ्यांनी. हवल्लीतली दुकानं एकेक करून बंद होत गेली. तुझ्या नवऱ्याची नोकरी गेली, मग इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, नूतन होईना. शेजारचं एक शहर हळूहळू रिकामं होत होतं आणि मला त्यातलं दिसत काय होतं, तर जिन्यातल्या चपला कमी होताना.

जूनमध्ये तुमची पाळी आली. गाडीच्या टपावर गाद्या बांधल्या जात होत्या. बाबा म्हणाले, आज खाली जाऊ नकोस, कुणी पाहिलं तर उगाच. बाबा वाईट नव्हते. त्यांच्याही इकाम्याचं चाललं होतं. तरी मी जाऊ शकले असते. जिना वीस पायऱ्यांचा होता.

तू वर आलीस. बेल वाजली नाही. कडीला काहीतरी अडकवल्याचा आवाज आला (मरमियाची पुरचुंडी होती, नंतर पाहिली), आणि तू दाराबाहेरून विचारलंस, 'जेवलीस का?'

मी दाराला लागूनच उभी होते. हाताच्या अंतरावर. बोलले नाही.

जेवले होते, खालती. आमटी-भात. आपल्या कुकरमधला.

तुझी,
वरच्या मजल्यावरची