संगमरवरी गोळ्यांच्या कोट-रॅकच्या सदोष रचनेबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

आपल्या संकेतस्थळावरून मी उन्हाळ्यात एक भिंतीवरचा कोट-रॅक मागवला होता. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी दांपत्याने १९५३ साली सिद्ध केलेल्या ‘हँग-इट-ऑल’चे नव्या साहित्यातील रूप, असे त्याचे वर्णन आपण केले आहे. मूळच्या पोलादी तारांच्या जागी पितळ आणि रंगीत लाकडी गोळ्यांच्या जागी संगमरवर आहे. वस्तू देखणी आहे, याबद्दल वाद नाही.

मात्र पावसाळा लागून रेनकोट टांगू लागताच वरच्या ओळीतील पितळी तारा खाली झुकल्या, काही गोळे सैल झाले आणि त्यांतील एक निखळून पडल्याने दाराजवळची फरशी तडकली. सुदैवाने खाली कोणी उभे नव्हते. मूळ रॅक लहान मुलांसाठी होता, हे आपणास ठाऊक असेलच.

दोष कशात आहे, हे तुटलेला भाग पाहिल्यावर सहज कळते. संगमरवर मेपलसारख्या लाकडाच्या जवळजवळ चौपट जड असतो, तर त्याच जाडीची पितळी तार तेवढ्याच भाराखाली पोलादी तारेच्या सुमारे दुप्पट वाकते. म्हणजे आपण भार वाढवला, आधार कमजोर केला आणि तारेची जाडी मात्र, दिसण्यात फरक पडू नये म्हणून असेल, बारीकच ठेवली. शिवाय लाकडात घट्ट ठोकलेली तार लाकूडच धरून ठेवते. दगडाला तशी पकड नसल्याने येथे सारी भिस्त गोंदावर आहे, आणि तार वाकू लागली की तोच आधी सुटतो.

यावर आपल्या प्रतिनिधींनी ‘नैसर्गिक दगडाच्या छटेत फरक असू शकतो’ असे कळवले. छटेविषयी मी अवाक्षरही लिहिले नव्हते. पुढे त्यांनी हलकेच कपडे टांगण्याचा सल्ला दिला. परंतु विक्रीच्या पानावर ‘कोट व पिशव्यांसाठी’ असे स्पष्ट छापलेले आहे. रॅक केवळ शोभेचा असेल, तर तसे सांगून विकावा.

तरी पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत पूर्ण रक्कम व फरशीच्या दुरुस्तीचा खर्च द्यावा आणि रॅक स्वखर्चाने परत न्यावा. अन्यथा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये मी राहते त्या ठाणे जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल.

आपली,
एक ग्राहक, ठाणे

सोबत: बिलाची प्रत, छायाचित्रे, विक्रीच्या पानाची छापील प्रत