तार तुटल्यावर कोण येतं, तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला घरच्या ब्रॉडबँडवरचा लेख वाचला. रात्रीच लिहायला बसले होते, पण रागाच्या भरात पत्र लिहू नये म्हणून सकाळपर्यंत थांबले. राग उतरलेला नाही, म्हणून आता लिहिते आहे.

लेखाचं म्हणणं थोडक्यात असं, की सेवा वाईट असेल तर कुढत बसू नका, सरळ दुसरी कंपनी घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे. सोबत वेगाची चौकट. ज्यांनी हे लिहिलं त्यांनी स्वतःच्या घरचं कनेक्शन कधी बदललं आहे का, हे मला मनापासून विचारायचं आहे. मी दोन महिने याच एका निर्णयापाशी अडकले आहे. नव्या कंपनीचा फॉर्म भरून ठेवलाय, शेवटचं बटण तेवढं दाबलेलं नाही. लेख वाचून काहीतरी ठरेल अशा आशेनं पान उघडलं होतं.

चौकटीतली चूक आधी सांगते, कारण ती साधी नाही. ‘100 एमबीपीएसच्या प्लॅनमध्ये सेकंदाला 100 एमबी उतरतात’ असं तुम्ही छापलंय. नाही उतरत. कंपनी वेग मेगाबिटमध्ये सांगते आणि आपल्या फाइली मेगाबाइटमध्ये मोजल्या जातात. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे सेकंदाला फार तर साडेबारा एमबी. 1 जीबीची फाइल 10 सेकंदांत येईल असं तुमचा वाचक धरून चालणार, प्रत्यक्षात सगळं सुरळीत असलं तरी 80 सेकंद लागणार. मग तो चिडून चांगल्या कंपनीलाही शिव्या घालणार आणि तुमचाच सल्ला मानून ती सोडणार. आणि अपलोडचा रकाना कुठे आहे? संपूर्ण चौकटीत फक्त डाउनलोड. घरात बसून फक्त सिनेमे बघणाऱ्यांसाठीच इंटरनेट असतं का?

मी घरून गणिताचे ऑनलाइन वर्ग घेते, रोज संध्याकाळी सात ते नऊ. माझा चेहरा, आवाज आणि फळा मुलांपर्यंत पोचतो तो अपलोडच्या जोरावर. दोन महिन्यांपूर्वी मुलं लिहायला लागली, ‘मॅडम, आवाज तुटतोय.’ आधी आठवड्यातून एकदा, मग रोज. मी राउटर खोलीच्या मध्यावर आणला, लॅपटॉप केबलनं थेट जोडून पाहिला, म्हणजे दोष वाय-फायचा नाही हे कळावं. (लेखात हा साधा उपायही नाही. वाय-फायच्या दुखण्यासाठी कंपनी बदलणारे कितीतरी लोक असतील, आणि नव्या कंपनीचं वाय-फायही त्याच भिंतींपाशी अडतं.) केबलवरही आवाज तुटत होता. शेवटी एका सोमवारी, फायबरची तार जिथे येऊन जोडली जाते त्या डब्यावरचा ‘एलओएस’ (म्हणजे सिग्नल येत नाही) लिहिलेला लाल दिवा लागला आणि सगळंच बंद पडलं.

तिथून पुढचे नऊ दिवस मी विसरणार नाही. पहिल्या दिवशी तक्रार नोंदवली. ‘राउटर बंद करून पुन्हा चालू करा.’ केला. लाल दिवा लाल. ‘24 तासांत माणूस येईल.’ दुसऱ्या दिवशी माणूस आला नाही, मेसेज आला: आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे. मी लाल दिव्यासमोर उभी राहून तो मेसेज वाचत होते. पुन्हा फोन, पुन्हा नवा नंबर, पुन्हा राउटर बंद करून चालू करा. जुन्या तक्रारीचा उल्लेख केला की उत्तर एकच, ‘ती क्लोज झालीय, मॅडम.’ कोणी क्लोज केली? माझ्या घरी न येता, मला न विचारता? असं चार वेळा झालं. नऊ संध्याकाळ मी मोबाइलच्या डेटावर वर्ग घेतले, आणि परीक्षा तोंडावर आलेल्या मुलांना ‘फळा दिसत नसेल तर फोटो पाठवते’ असं सांगत राहिले.

नवव्या दिवशी एक पोरगेला तंत्रज्ञ आला. त्यानं डब्यामागची हिरव्या टोकाची पिन काढली, हातातल्या छोट्या पॉवर मीटरला लावली आणि मला आकडा दाखवला. उणे 29. हे प्रकाशाच्या ताकदीचं माप, डीबीएममध्ये; आकडा तीननं वर गेला की प्रकाश साधारण दुप्पट. ‘उणे 27 च्या खाली गेलं की डब्याला प्रकाश दिसत नाही,’ तो म्हणाला. मग तारेवर बोट ठेवून खोलीभर चालत गेला आणि खिडकीच्या चौकटीपाशी थांबला. तार बसवणाऱ्यानं ती चौकटीच्या कोपऱ्यावरून काटकोनात वळवून वर क्लिप ठोकली होती. फायबर म्हणजे आत केसाएवढी काच, तिच्यातून प्रकाश जातो. फार कडक वळण दिलं की प्रकाश तिथून बाहेर झिरपतो. साध्या जातीच्या फायबरला 30 मिलिमीटरपेक्षा लहान त्रिज्येचं वळण देऊ नये असा संकेत आहे. माझ्याकडे तर नखाएवढं वळण होतं. खिडकी उघडता-मिटता ती तार दर वेळी आणखी दबत गेली असणार. त्यानं क्लिप काढली, दबलेला तुकडा कापून टाकला, नवं टोक जोडलं, मीटर लावला. उणे 20. म्हणजे आधीच्या जवळजवळ आठपट प्रकाश. लाल दिवा गेला. सगळं मिळून 25 मिनिटं.

मी त्याला विचारलं, नऊ दिवस का लागले? तो म्हणाला, ‘मॅडम, तुमची तक्रार माझ्या यादीत आज सकाळी पहिल्यांदा आली.’

संपादक महोदय, माझा सगळा राग या एका वाक्यात आहे. तार जोडणारा माणूस चांगला होता. त्याच्या आणि माझ्यामध्ये जी तक्रार बंद करायची यंत्रणा बसली आहे, ती वाईट आहे. आणि तुमच्या लेखाच्या सल्ल्यानं मी तिसऱ्या दिवशी कंपनी बदलली असती तर काय झालं असतं? नव्या कंपनीच्या माणसानं खिडकीच्या त्याच भोकातून नवी तार आत घेऊन त्याच कोपऱ्यावरून वळवली असती. मला तर वळणाचा पत्ताच नव्हता, मी काय सांगणार होते?

मग सोडू नये का? तसं मी म्हणत नाही. नऊ दिवस खोटे मेसेज पाठवणाऱ्या कंपनीत राहावं असं मला अजिबात वाटत नाही. पण कशाच्या आधारावर निवडायचं, हे लेखात यायला हवं होतं. जाहिरातीतला वेग सगळ्यांचा सारखाच असतो. संध्याकाळचा वेग सारखा नसतो. घरोघरी येणाऱ्या फायबरची सर्वाधिक रुळलेली पद्धत जी-पॉन. तिच्यात सुमारे अडीच गिगाबिटचा प्रवाह स्प्लिटरमधून, म्हणजे एका तारेतला प्रकाश अनेक तारांत विभागणाऱ्या डबीतून, 32 किंवा 64 घरांत वाटला जातो, आणि उलट दिशेनं, म्हणजे अपलोडला, त्याच्या निम्माच. सगळे एकाच वेळी वापरत नाहीत म्हणून हे चालतं. पण रात्री आठ वाजता बरीच घरं एकदम वापरतात. आणि स्प्लिटरच्या पुढे कंपनीनं बाहेरच्या जगाशी किती क्षमतेची जोडणी घेतली आहे, हे तर ग्राहकाला कोणी सांगतच नाही. तेव्हा ‘वेग किती’ हे कंपनीला विचारून उपयोग नाही. आपल्याच इमारतीत ते कनेक्शन कोणाकडे आहे ते शोधावं, रात्री आठ ते नऊ त्यांच्याकडे मोजून पाहावं, आणि मोजताना फाइल वर चढत असतानाचा पिंगसुद्धा (संदेश जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ) पाहावा. व्हिडिओ कॉल अडखळतो तो पुष्कळदा इथेच.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी कंपनी बदलली. वेग उत्तम मिळाला, पण घरचा कॅमेरा परगावाहून दिसेनासा झाला. कारण नव्या कंपनीनं अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक आयपी पत्ता (इंटरनेटवर कनेक्शन ओळखायचा क्रमांक) दिला होता, त्यामुळे बाहेरून थेट काकांच्या कॅमेऱ्यापर्यंत पोचता येईना. जुन्या पद्धतीच्या पत्त्यांचे शेवटचे गट 3 फेब्रुवारी 2011 रोजीच वाटून संपले, तेव्हापासून ही काटकसर वाढत गेली आहे. काकांना हे आधी कोणी सांगितलं नाही. त्यांच्या मुलाला आईवर लक्ष ठेवायचं होतं, त्यासाठी तो कॅमेरा होता.

आणि ते ‘अर्ध्या तासाचं काम’. जुनं बंद करायला वेगळा अर्ज, डबा परत केल्याची पावती, डिपॉझिटसाठी पाठपुरावा. तो डबा दुसऱ्या कंपनीकडे सहसा चालत नाही, कारण त्याची नोंद जुन्या कंपनीच्या यंत्रावर असते. कंपनीनं दिलेला ईमेल पत्ता कोणी बँकेत लावलेला असेल तर त्याची आणखी वेगळी धावपळ. ब्रिटनमध्ये 12 सप्टेंबर 2024 पासून ग्राहकानं फक्त नव्या कंपनीला सांगायचं असतं, जुनं बंद करण्याचं काम कंपन्या आपसांत उरकतात. तिथेच 1 एप्रिल 2019 पासून अशीही योजना आहे, की बंद पडलेली सेवा कळवल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत सुरू झाली नाही, तर योजनेत सामील असलेल्या कंपन्या ग्राहकानं न मागता भरपाई देतात. अशी सोय जिथे असेल तिथे ‘सोडा आणि जा’ म्हणणं सोपं आहे. जिथे नसेल तिथे माझा सल्ला असा, की जुनं लगेच तोडू नका. जमत असेल तर महिनाभर दोन्ही ठेवा, आणि नवं कनेक्शन एखाद्या पावसाच्या दिवशी आणि एखाद्या रविवारी रात्री कसं वागतं ते पाहून मगच अर्ज द्या.

जाता जाता आणखी एक. तुमच्या चौकटी इतक्या बारीक अक्षरांत आणि करड्या पट्टीवर का छापता? माझ्या सासऱ्यांनी भिंग घेऊन ती चौकट वाचायचा प्रयत्न केला आणि शेवटी पेपर माझ्याकडे दिला. ज्यांना हे सगळं समजून घेणं सर्वात अवघड जातं, त्यांनाच ते वाचता येऊ नये? ही तक्रार मी पूर्वीही एकदा कळवली होती.

माझी विनंती एवढीच, की बिट-बाइटची दुरुस्ती ठळक छापा. आणि पुढच्या वेळी चौकट कराल तेव्हा अपलोडचा आणि दुरुस्तीला लागलेल्या दिवसांचा रकाना घाला. दिवसांचा आकडा कंपनीकडून घेऊ नका, वाचकांकडून मागवा. माझे नऊ दिवस त्यात पहिले लिहा.

फॉर्म अजून तसाच आहे. नव्या कंपनीच्या प्रतिनिधीला मी विचारलं, की तक्रार बंद करताना ग्राहकाचा होकार घेता का? ‘विचारून सांगतो’ म्हणाला. त्याला आज चार दिवस झाले. शुक्रवारपर्यंत त्याच्या फोनची वाट पाहीन.

आपली,
एक जुनी वाचक