एकट्या झाडाचे बी: वृक्ष-आनुवंशिकीच्या अभ्यासक मॅडमना आभारपत्र

आदरणीय मॅडम,

सविनय नमस्कार.

निलगिरीच्या फिकट, जवळजवळ पांढऱ्या रोपांचा ट्रे घेऊन मी आपल्याकडे आलो, तेव्हा दोष मातीत किंवा खतात असणार अशी माझी खात्री होती. आपण भिंगातून रोपे पाहिलीत आणि पहिलाच प्रश्न विचारलात, की बी कोणत्या झाडाचे आहे आणि ते झाड एकटेच उभे आहे का. त्या प्रश्नाने माझ्या रोपवाटिकेचे काम मुळापासून बदलले. म्हणून हे जाहीर पत्र.

झाड खरोखरच देखणे होते. बुंधा सरळसोट, फांद्या बारीक, आणि आसपास दुसरी निलगिरी नाही. सर्व बी मी त्याच एका झाडावरून गोळा केले होते आणि याचा मला अभिमानही होता. आपण न रागावता समजावून सांगितलेत, की निलगिरीच्या फुलात पराग आधी मोकळे होतात आणि कुक्षी, म्हणजे फुलाचा पराग स्वीकारणारा भाग, त्यानंतर काही दिवसांनी तयार होते, त्यामुळे एकाच फुलातले स्वपरागण बहुधा टळते. परंतु एकाच झाडावर पुढेमागे उमललेली फुले असतात आणि मधमाशी या फांदीवरचे पराग त्या फांदीवर नेते. एकट्या झाडाला परके पराग मिळणार कुठून? झाडांच्या जनुकांत कितीतरी दोष सुप्त असतात, परक्या झाडाशी संकर झाला तर ते झाकलेले राहतात, आणि स्वतःशीच झाला तर संततीत उघडे पडतात. पांढऱ्या रोपांना हरितद्रव्य तयार करता येत नव्हते, म्हणून बियातला साठा संपताच ती मान टाकत होती. जी हिरवी आहेत त्यांतलीही बरीच पुढे खुंटतील, असे आपण त्याच दिवशी सांगितलेत, आणि तसेच झाले.

पुढे आपल्याच तोंडून मी युकॅलिप्टस ग्रँडिस या निलगिरीच्याच एका जातीच्या जनुकसंचाविषयी, म्हणजे तिच्या संपूर्ण आनुवंशिक मजकुराविषयी, ऐकले. तो 2014 साली प्रसिद्ध झाला आणि त्यात 36 हजारांहून अधिक जनुके आढळली. त्यासाठी निवडलेले झाड स्वपरागणातूनच जन्मलेले होते. जनकवृक्षात जिथे जनुकाच्या दोन प्रती वेगळ्या होत्या, तिथे या संततीत साधारण निम्म्या ठिकाणी त्या सारख्या व्हायला हव्या होत्या. प्रत्यक्षात त्याहून कमी ठिकाणी तसे झाले होते. ज्या भावंडांत घातक प्रती जुळून आल्या ती बहुधा जगलीच नसावीत, हे आपण सांगितलेत तेव्हा मला माझा ट्रे आठवला.

आपण शिडीवर उभ्या राहून केलेले ते संकराचे काम अजून डोळ्यांसमोर आहे. कळीची टोपी अलगद काढायची, पुंकेसर खुडून टाकायचे, फुलावर पिशवी बांधायची, आणि कुक्षी तयार झाली की निवडलेल्या झाडाचे पराग लावून पुन्हा पिशवी. इतके करून हाती येते ते चिमूटभर बी, आणि त्याचा खरा कस लागतो तो पुढे कित्येक वर्षे चालणाऱ्या संतती-चाचणीत. झाड उंच आहे ते आनुवंशिक गुणामुळे की पायाखालच्या मातीमुळे, हे त्याच्याकडे पाहून कळत नाही. अनेक झाडांची संतती एकाच जमिनीत, विखरून आणि पुन्हा पुन्हा लावून मोजली की मगच कळते. माझ्यासारख्या डोळ्यांवर विसंबणाऱ्या माणसाला हे स्वीकारणे जड गेले.

आता मी एकमेकांपासून लांब असलेल्या, पण भोवती स्वजातीची झाडे असलेल्या वृक्षांचेच बी घेतो आणि प्रत्येकाच्या पिशवीवर त्याचा क्रमांक लिहितो. आपण आखून दिलेली छोटी चाचणीही लावली आहे. खडकाळ जागेवरचे ते बुटके झाड मी वगळणार होतो, पण आपण आग्रहाने त्याचे बी घ्यायला लावलेत. तिसऱ्या वर्षीच्या मोजणीत त्याची संतती उंचीत सर्वांच्या पुढे आहे. एवढ्यावर निष्कर्ष काढायचा नाही हे आपणच शिकवले आहे, त्यामुळे तो काढत नाही. मोजणीची वही सोबत पाठवत आहे.

आपला कृतज्ञ,
एक रोपवाटिकाचालक