दप्तर पाठीवरच राहू दिलंत, मावशी

मावशी, सप्रेम नमस्कार.

आज सकाळी लेक बालवाडीच्या फाटकातून आत गेली, दप्तर स्वतः काढून खुंटीला अडकवलं, चपला जोडीने लावल्या आणि बाहुलीच्या भातुकलीकडे पळाली. टाटा करायचंही विसरली. हे तोंडी सांगायला आले असते तर "अहो ताई, त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही झाडू उचलला असता. म्हणून लिहून, आणि चारचौघांत. शाळेच्या माहितीपत्रकात संचालकांचा फोटो आहे, स्मार्ट बोर्डाचा आहे, तुमचा नाही. हेही एक कारण समजा.

पहिल्या दिवशी तुम्ही तिचं दप्तर काढायला लावलं नाहीत. गोष्ट एवढीच आहे.

अडीच-तीन वर्षांच्या मुलाच्या दप्तरात वही नसतेच. घरचा डबा, पाण्याची बाटली, एक जास्तीची चड्डी. ते घरातून निघालेलं असतं आणि घरीच परत जाणार असतं. पाठीवर आहे तोवर मूल मनात म्हणत असतं, मी इथे थोड्या वेळापुरती आलेय, हाक आली की निघाले. आणि बहुतेक वर्गांत पहिली सूचना काय असते? "चला, दप्तर रॅकमध्ये ठेवा." आई नुकतीच गेलेली, त्यात हेही काढून घ्यायचं. मग रडू नवीन जोराने सुरू होतं आणि बाई म्हणतात, हट्टी आहे.

तुम्ही चार दिवस तिला दप्तरासकट बसू दिलंत. दप्तरासकट चित्र, दप्तरासकट खाऊ, पाठीला पोक काढून दप्तरासकट गाणी. घसरगुंडीवर मात्र पट्टा अडकला तर गळ्याशी येतो, तिथे सूट नव्हती. पण तिथेही तुम्ही ते उचलून रॅकमध्ये टाकलं नाहीत. "मी धरते, तुला वरून दिसेल असं धरते," म्हणालात आणि घसरगुंडीच्या टोकाशी ते छातीशी धरून उभ्या राहिलात. ती खाली आली की पाठीवर. पुन्हा वर जायचं की तुमच्याकडे. अकरा वेळा. मी वऱ्हांड्यातून मोजलं. पाचव्या दिवशी तिने ते आपणहून शेजारच्या खुर्चीवर ठेवलं, आणि आता खुंटी.

बालशिक्षणाच्या वर्गांत मी हे विषय फळ्यावर लिहून शिकवते. मुलाच्या हातातली ओळखीची वस्तू ओढून घेऊ नये, हे वाक्य किती जणींना उतरवून दिलं असेल. घसरगुंडीपाशी उभं राहायचं मात्र सुचलं नव्हतं.

आधीच्या शाळेचं नाव लिहीत नाही. तिथे पहिल्या दिवशी फुग्यांची कमान होती, स्पीकर होता, आणि अस्वलाच्या वेशात कोणीतरी हात मिळवायला पुढे येत होतं. मोठ्यांना तो सोहळा वाटतो. तीन वर्षांच्या मुलाला फटकन फुटणारा फुगा आणि चेहरा न हलणारं अस्वल म्हणजे पळून जायचं कारण. मग कडेवरून मूल ओढून घेतलं आणि आम्हाला सांगितलं, "तुम्ही सटका, मागे बघू नका, पाच मिनिटांत गप्प होतात."

गप्प होतात, खरं आहे. नजर चुकवून आई गेली की मूल एकच धडा शिकतं: आपण दुसरीकडे बघितलं की आई नाहीशी होते. मग ते दुसरीकडे बघतच नाही. नजर दारावर, हात रिकामे, खेळ बंद. घरी आलं की आई न्हाणीघरात गेली तरी दाराबाहेर ठाण मांडून बसतं, रात्री दचकून उठून चाचपतं. कोरडं झोपणारं मूल पुन्हा अंथरूण ओलं करू लागतं. तिसऱ्या दिवशी तिथून निरोप आला, "सेट झाली, आता रडत नाही." दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनमध्ये समाजकार्यकर्ते जेम्स रॉबर्टसन यांनी रुग्णालयात आईवडिलांविना ठेवलेली लहान मुलं जवळून पाहिली. परिचारिका ज्यांना "रुळली" म्हणत, त्यांतली पुष्कळ मुलं आशा सोडून बसलेली होती, हे त्यांनी दाखवून दिलं. तेव्हापासून सगळ्यांना माहीत असायला हवं की रडणारं मूल अजून हाक मारतंय, आणि काळजी करायची ती न खाता, न खेळता भिंतीला टेकून बसलेल्या मुलाची.

तुमची कसोटी वेगळी होती. "डब्यातलं खाल्लं का, शूला गेली का, कुणाशी भांडली का? भांडली की समजा रमली." बुधवारी तुम्ही हसत सांगितलंत की लाल ठोकळ्यावरून मारामारी झाली. एवढा आनंद आम्हाला तिच्या बारशालाही झाला नसेल.

शूचं तर शाळा विसरूनच जातात. नवीन जागी मुलं तास-तास दाबून धरतात, कारण संडास अनोळखी, कडी उंचावर आणि बाईंची भाषा निराळी. "वॉशरूम" म्हणजे काय हे घरी कुणी सांगितलेलं नसतं. तुम्ही पहिल्याच दिवशी आईसोबत तिला तिकडे नेलंत, नळ तिलाच सोडायला लावलात, आणि घरी कुठला शब्द वापरता ते प्रत्येकीला विचारून ठेवलंत. गुंडीची चड्डी नको, इलास्टिकची घाला. डब्याचं झाकण तिच्या हाताने निघेल असं पाहा. डब्यात पहिला महिना नवीन काही नको, घरचीच पोळीची गुंडाळी. हेही तुम्हीच सांगितलंत.

आणि निरोप. तुमचा नियम तीन वाक्यांत बसतो. सांगून जायचं, लांबवायचं नाही, रोज तसंच करायचं. "बारा वाजता येते" हे तिला कळत नाही, घड्याळ तिच्या जगात नाहीच. "खाऊ होईल, गाणी होतील, चपला घालाल, की आई दारात" हे कळतं. म्हणून वर्गातला क्रम तुम्ही बाईंना बदलू देत नाही. खाऊआधी गाणी झाली तर मूल वेळ चुकल्यासारखं दाराकडे बघायला लागतं. न्यायला पाच मिनिटं आधी या म्हणालात, कारण शेवटी उरलेल्या मुलासमोर एकेक आई येऊन आपापलं मूल नेत असते, आणि त्या दहा मिनिटांत आठवडाभराची कमाई जाते. आई दिसताच मूल भोकाड पसरतं, त्याचा अर्थ शाळेत काही वाईट घडलं असा नाही. इतका वेळ आवरून धरलेलं आता हक्काच्या माणसापाशी सोडलं, एवढंच. मला मात्र तुम्ही बजावलंत, "रडायचं तर कोपऱ्यावरच्या झेरॉक्सपाशी जाऊन खुशाल रडा. इथे ती तुमचं तोंड वाचतेय."

महाराष्ट्रात नर्सरीच्या प्रवेशाला 31 डिसेंबरपर्यंत 3 वर्षं पूर्ण लागतात. म्हणजे जूनमध्ये एकाच चटईवर साडेतीन वर्षांचं मूल बसतं आणि अडीच वर्षांचंही. त्या वयात हे एक वर्ष म्हणजे उभा डोंगर. तरी दोघांना एकच माप लावून "बाकीची बघ कशी शहाणी" म्हणतात. तुमच्या तोंडून ते एकदाही ऐकलं नाही. "रडलीस तर आई येणार नाही" हे तर नाहीच, आणि चॉकलेटही नाही.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला काम सुरू केलं, तेव्हा वस्तीतली मुलं बालवाडीत येत नव्हती, तर त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. मुलाला घरापासून तोडण्याआधी शाळेने दोन पावलं घराकडे यावं, हा त्यातला विचार. तुम्ही ताराबाईंचं नाव ऐकलंय की नाही कुणास ठाऊक, पण पहिले तीन दिवस आम्हाला वऱ्हांड्यात बसू दिलंत, चौथ्या दिवशी वीस मिनिटांसाठी सांगून बाहेर पाठवलंत, मग तासभर, मग पूर्ण वेळ. मुख्याध्यापिकांशी त्यावरून वाद झाला असं नंतर कळलं. तो तुम्ही कसा जिंकलात ते मी विचारणार नाही.

एसटीत म्हातारी नीट बसेपर्यंत डबल बेल न देणारा एखादा कंडक्टर असतो. त्याला कुणी हे शिकवलेलं नसतं, आणि उशीर झाला म्हणून बोलणी खातो तोही. तुम्ही त्या जातीच्या.

वर्गातल्या दुसऱ्या एका बाळाच्या आईने परवा विचारलं, चार आठवडे झाले तरी रोज सकाळी पोट दुखतं, रविवारी मात्र दुखत नाही, काय करू. तिला बालरोगतज्ज्ञांकडे जायला सांगितलंय, तिथून गरज पडली तर समुपदेशक. तुमच्याही कानावर असू द्या.

आणि पुढच्या आठवड्यात गणपतीची सुट्टी. सोमवारी रडतात ती सुट्टीनंतर जास्त रडतात, हे तुम्हाला मी काय सांगणार. खुंटीवरचं दप्तर दोन-तीन दिवस पुन्हा पाठीवर चढेल बहुधा. घसरगुंडीपाशी तुम्ही असालच.

तुमची,
छोट्या गटातल्या एका मुलीची आई