रविवारी जॅकी के, वाचून या प्लीज

मंडळी, येत्या रविवारी संध्याकाळी ६ ला गूगल मीटवर आपण स्कॉटिश कवयित्री आणि कादंबरीकार जॅकी के हिची पुस्तकं वाचतोय, लिंक शनिवारी रात्री टाकते.

जन्म १९६१, एडिनबरा, आई स्कॉटिश, वडील नायजेरियन, आणि वाढवलं ग्लासगोजवळच्या गोऱ्या दत्तक आईवडिलांनी. २०१६ ते २०२१ स्कॉटलंडची राष्ट्रकवी होती.

- 'ट्रम्पेट' (१९९८) ही कादंबरी निदान अर्धी तरी वाचाच. जॅझवादक गेल्यावर जगाला कळतं की त्याचं शरीर बाईचं होतं, बायकोला सगळं आधीपासून माहीत असतं पण मुलाला काहीच नाही, आणि त्या मुलाचा राग काय लिहिलाय! मला फार आवडलीये.
- 'द अडॉप्शन पेपर्स' या कवितांमधे मुलगी, जन्मदाती, दत्तक आई असे तीन आवाज आहेत, मोठ्याने वाचायला तिघं हवेत, नावं शुक्रवारपर्यंत कळवा.
- पायरेटेड पीडीएफ ग्रुपवर टाकू नका.