भिंतीतलं घुमणं

कोथरूड, पुणे
१२ जानेवारी

प्रिय सुधीर,

तुझं पत्र काल मिळालं. वहिनींच्या कानांची तपासणी झाली, सगळं नॉर्मल निघालं, तरी त्या रात्री उठून बसतात आणि खाली कुणीतरी ट्रक चालू ठेवलाय म्हणतात, असं तू लिहिलंस. आणि शेवटी, ‘मनाचे खेळ असावेत.’ तिथे मी पत्र खाली ठेवलं. गेल्या वर्षी हेच शब्द मी आईला तोंडावर ऐकवले होते. त्याची टोचणी अजून गेलेली नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

दिवाळी झाली, थंडी पडली, रात्रीचे पंखे बंद झाले आणि आईचं सुरू झालं. ‘मोहन, भिंत घोरतेय रे.’ मी तिच्या खोलीत जाऊन मधोमध उभा राहायचो, श्वास रोखून ऐकायचो. काही नाही. आईला दाराची बेल ऐकू येत नाही, कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत, आणि हिला भिंत कशी ऐकू येते, असं माझं तर्कट. आठवडाभराने तिने सांगणंच बंद केलं. रात्री दोनला उठलो की ती हॉलमध्ये शाल गुंडाळून बसलेली दिसायची.

माझं तर्कट उलटं होतं, सुधीर. वयाने आधी जातात ते वरच्या पट्टीतले आवाज: बेल, शिट्टी, स, श. खालच्या पट्टीतले बरेचसे शाबूत राहतात. त्यांना झाकणारे बारीक आवाज कमी झाल्यावर ते जास्तच उघडे पडतात. आणि वहिनींच्या त्या रिपोर्टकडे एकदा नीट बघ. कानाची नेहमीची तपासणी साधारण २५० हर्ट्झपासून (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं) ८,००० हर्ट्झपर्यंत होते. पंप, ब्लोअर, जनरेटर यांची घरघर बहुतेक त्याच्या खाली असते. म्हणजे वहिनी ज्या आवाजाबद्दल सांगताहेत, तो त्या तपासणीत कुणी वाजवलाच नाही.

मग हा कानातलाच नाद असेल का, अशी शंका मलाही आली. आईला दोन रात्री पौडला मावशीकडे नेलं. दोन्ही रात्री ती सकाळी सहापर्यंत झोपली. कानातला नाद असता तर तोही बरोबर पौडला आला असता. परत आलो त्या रात्री पुन्हा तेच.

दसऱ्याच्या सुमारास आमच्या सोसायटीने तळमजल्यावर नवा प्रेशर पंप बसवला होता, आईच्या खोलीच्या जवळजवळ खालीच. सेक्रेटरींना विनंती केली की पुढच्या पाच रात्रींपैकी कुठल्याही दोन रात्री तो बंद ठेवा, कुठल्या ते मलाही सांगू नका. टाकीचं पाणी वरून येतंच, फक्त जोर कमी. आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. आवाज आलेल्या रात्री ती ‘कालनिर्णय’वर त्या तारखेला बारीक फुली मारायची. सहाव्या दिवशी मी सेक्रेटरींची वही आणि आईचं कालनिर्णय शेजारी ठेवलं. तीन चौकोनांत फुल्या, दोन कोरे, आणि कोरे तेच दोन. मला तिथेच जिन्यावर बसावंसं वाटलं.

मग मला ऐकू का येत नव्हतं? कंपनीतला एक जुना सहकारी आवाज मोजायचं यंत्र घेऊन आला, त्याने उलगडून दाखवलं. पंपाची मोटर मिनिटाला सुमारे २,९०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला अठ्ठेचाळीस. त्या आवाजाची एक लाट सात मीटरच्या आसपास लांब असते. आईची खोली बारा फूट, म्हणजे जवळजवळ बरोबर अर्धी लाट. अशा खोलीत आवाज दोन्ही टोकांच्या भिंतींशी साचतो आणि मधोमध जवळपास नाहीसा होतो. मी मधोमध उभा राहत होतो. आईची उशी भिंतीला टेकलेली.

सगळ्यात वाईट मला मोजमापाचं वाटलं. आपल्या कायद्यात निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबल, पण ती ‘ए’ मापावर. ‘ए’ माप ५० हर्ट्झच्या आवाजातून तीसेक डेसिबल वजाच करतं. उशीपाशी यंत्राने ‘ए’वर ३१ दाखवले, कायद्याने आमची खोली अगदी शांत. तेच बटण ‘सी’वर, म्हणजे खालचे आवाज जवळजवळ पूर्ण मोजणाऱ्या मापावर, फिरवलं तर ५८. ५० हर्ट्झचा आवाज सर्वसाधारण कानाला सुमारे ४४ डेसिबलला ऐकू यायला लागतो, आणि काही कान त्याहूनही तीक्ष्ण असतात. दोन आकड्यांत १० पेक्षा जास्त फरक दिसला तर आवाजाची पट्टी-पट्टीने तपासणी करा, असं जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ सालीच लिहून ठेवलंय. आमच्याकडे फरक सत्तावीसचा. मोबाइलमधल्या अ‍ॅपवर तर विसंबूच नकोस, त्याचा माइक इतक्या खालचा आवाज धड पकडतच नाही.

विसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रोडवर छातीत धडधडतं, तेव्हा सगळं पुणं बोलतं. ही घरघर एकट्याच्या वाट्याला येते. अमेरिकेत कोकोमो नावाच्या गावी लोकांनी अशीच तक्रार केली, आणि २००३ च्या तपासणीत कारखान्यांतले ३६ आणि १० हर्ट्झचे दोन उगम सापडले. तिथल्याच टाओस गावच्या लोकांना मात्र १९९३ मध्ये मोठी तपासणी होऊनही कारण मिळालं नाही. तेव्हा सापडेलच असं मी तुला सांगत नाही. शोधायला तर लागू.

आमच्याकडे पंपाखाली जाड रबरी पॅड घातले, पाइपाला लवचीक जोड दिला, खांबाला आवळलेले क्लॅम्प रबर घालून पुन्हा बसवले. एका फ्लॅटमधला फ्लश गळत होता, त्यामुळे पंप रात्रभर चालू-बंद व्हायचा. तोही दुरुस्त झाला. उशीपाशी आता ‘सी’वर ४६ येतात. आई म्हणते, ‘आहे अजून, पण शोधावं लागतं.’

तुला एकच मागणं. वहिनींना आज रात्री उशी भिंतीपासून ओढून खोलीच्या मध्याकडे घ्यायला सांग. कानात बोळे नकोत. ते वरचे आवाज अडवतात आणि घरघर तेवढी उरते. पंखा हळू चालू ठेवा. आणि ‘अजून येतो का आवाज’ असं त्यांना रोज विचारू नकोस. त्याने कान तिकडेच लागतो. भिंतीवर एक कालनिर्णय आणि पेन ठेव, बस.

शनिवारी सकाळच्या एसटीने नाशिकला येतोय. यंत्र मागून ठेवलंय. वहिनींना सांग, रात्री त्या उठतील तेव्हा मलाही उठवायचं.

तुझा,
मोहन